सासरे आयुष्यभर फौंड्रीत मोल्डर होते, पण स्वतःच्या कामाचं अवाक्षर काढत नाहीत. कसं बोलतं करायचं?

अनगोळची_सून

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, पण इथं कामगारांच्या घरातले बरेच जण दिसतात म्हणून विचारते.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत (लोखंड ओतायच्या कारखान्यात) मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारे, होते. आधी येळ्ळूरहून सायकलीनं यायचे, मग अनगोळात जागा घेतली. आता घरीच असतात. सकाळी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या निधनवार्तेपर्यंत वाचतात, संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर. मी स्वतः उद्यमबागेतच एका मशीन शॉपमध्ये अकाउंट्स बघते. म्हणजे गंमत बघा, मामांनी जन्मभर जो माल ओतला त्याच मालाची बिलं मी करते. कास्टिंगची (ओतीव मालाची) आवक, वजन, रिजेक्शन, डेबिट नोट. लेथ कशाला म्हणतात ते मला माहीत आहे, पण कास्टिंग होतं कसं ते मी आजवर डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ज्यांनी केलं ते रोज माझ्यासमोर बसून आमटीभात खातात आणि गप्प.

गप्प म्हणजे अबोल नव्हेत हं. सीमाप्रश्नावर विचारा, तास कसा जातो कळणार नाही. 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत कोण कुठं उभं होतं, कुणाच्या घोषणेला आवाज होता, सगळं तोंडपाठ. फौंड्रीतल्या माणसांबद्दलही बोलतात. मेस्त्री कसा नाटकवेडा होता, कोण पगाराच्या दिवशी मागच्या गेटनं पळायचा. तिसऱ्या रेल्वे गेटला गाडी आली की सायकलवाल्यांची कशी झुंबड व्हायची, फाटक उघडायच्या आधीच लोक सायकल आडवी करून खालून काढायचे, तेही सांगतात. पण "मामा, तुम्ही नेमकं काय करत होता?" म्हटलं की ठरलेलं उत्तर: "काय सांगायचं त्यात? वाळू ठोकली, पेट्या ओतल्या, घरी आलो."

माझ्या नवऱ्यालाही याहून जास्त ठाऊक नाही. भावाभावांना त्यांनी कधी आत नेलंच नाही. डबा द्यायला गेले तरी गेटपर्यंतच. आत्तींना (सासूबाई) जरा माहिती आहे, पण ती कपड्यांवरून. मामांचे कपडे वेगळे भिजवायचे, पहिलं पाणी काळंकुट्ट निघायचं, आणि शर्टाच्या पुढच्या बाजूला टाचणीनं टोचल्यासारखी बारीक भोकं. ठिणग्यांची. नवा शर्ट कामाला घालायचा नाही हा घरचा नियम त्यातूनच आला.

मुलगी आठवीत आहे. शाळेत घरातल्या मोठ्या माणसाच्या कामावर लिहून आणायला सांगितलं होतं. इंग्रजीत लिहायचं, त्यामुळे तिनं 'माय ग्रँडफादर वर्क्ड इन अ फॅक्टरी' एवढं लिहिलं आणि खाली गेटचं चित्र काढलं. बरोबरच आहे म्हणा, गेटच्या पुढं कुणाला माहीत आहे?

मी मोबाइल समोर ठेवून रेकॉर्ड करायला बघितलं. मामांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, घसा खाकरला आणि "सर्वप्रथम उपस्थितांना माझा नमस्कार" अशी सुरुवात केली. उपस्थित म्हणजे मी आणि मांजर.

कुणी घरच्या माणसाकडून कामाच्या आठवणी काढून घेतल्यात का? कसं जमवलं?

निपाणी_जुनी_पेठ

ताई, बटण लावलं ते वाचून हसू आवरेना. आमच्या आईनं तर लुगडं बदललं होतं.

आई निपाणीत बिड्या वळायची. घरात सगळ्यांनी बघितलेलं काम, लपवाछपवी काही नाही. सुपात जर्दा, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, पत्र्याचा फरमा पानावर ठेवून कात्रीनं कापायचं, मग वळायचं, दोरा, तोंड मुडपायचं, पुढची. मी अभ्यासाला बसायचो तो आवाज कात्रीचाच. तरी विचारलं की उत्तर तुमच्या मामांसारखंच. "पोटासाठी केलो, त्याचं काय सांगायचं?"

मला वाट सापडली ती अशी. आईच्या बरोबरीनं वळणारी एक मावशी (सख्खी नव्हे, गल्लीतली) लेकीकडं कोल्हापूरला राहायला गेली होती, ती उरुसाला परत आली. दोघी सोप्यात बसल्या. मी सहज विचारलं, "आई, दिवसाला किती वळत होतीस?"

आई म्हणाली, "हजार."

मावशी: "हजार? तू? सातशेला तुझी मान धरत होती."

आई: "माझी मान? मी हजार वळून सैपाकाला उठत होतो. तूच पानं चोरून माझ्या भागात सारत होतीस."

झालं. पुढं मला काही विचारावं लागलं नाही. चेकर बिडी दोन बोटांत फिरवून कशी बघायचा, जुडीच्या जुडी छाट म्हणून बाजूला कशी टाकायचा, आणि छाट काढलेल्या बिड्या परत न देता स्वतःकडेच कशा ठेवून घ्यायचा, हे सगळं दोघी एकमेकींवर ओरडत सांगत होत्या. "पैसे नाहीत तर बिडी तरी दे" म्हणून आई एकदा चेकरच्या टेबलावर सूप आपटून आली होती, हे मला वयाच्या पन्नाशीला कळलं! ही तीच आई, जी दुकानदाराकडं सुटे पैसे परत मागायला मला पाठवायची.

1981 च्या तंबाखू आंदोलनाबद्दलही तेव्हाच ऐकलं. शरद जोशी, हायवेवर बसलेले शेतकरी, 6 एप्रिलचा गोळीबार, हे छापील मिळतं. आईची आठवण वेगळीच. गाव बंद, काम बंद, आणि भिजवलेली पानं वाळून चालली म्हणून ती रात्री उठून त्यावर पाणी शिंपडत होती. उद्या काम सुरू झालं तर पानं तयार पाहिजेत.

तर माझा सल्ला, मामांचा जुना जोडीदार शोधा. समोर खोडून काढणारा पाहिजे. एकट्या माणसाला आपलं बोलणं फुशारकी वाटते. दुसरा चूक सांगायला लागला की खरं सांगणं भाग पडतं.

पुण्यातला_बेळगावकर

छान विषय. अमेरिकेत यावर मोठं काम झालंय. स्टोरीकॉर्प्स नावाची संस्था आहे. 2003 मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल रेल्वे स्टेशनात त्यांनी एक छोटी खोली उभी केली. आत दोन माणसं, तीही एकमेकांची ओळखीची. बाप-लेक, नवरा-बायको, जुने सहकारी. साधारण 40 मिनिटं एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं. संस्थेचा माणूस असतो, पण तो यंत्र सांभाळायला. रेकॉर्डिंगची प्रत त्यांना मिळते आणि परवानगी दिली तर एक प्रत तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जाते. सफाई कामगार, शिक्षक, बसड्रायव्हर, सगळ्यांच्या कामाच्या गोष्टी त्यात आहेत. प्रश्न विचारणारा पत्रकार नसून घरचं माणूस असतं, हे त्यातलं मर्म. पत्रकाराला आपण बातमी सांगतो.

आपल्याकडेही आहे की. जात्यावरच्या ओव्यांचं हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी केलेलं संकलन घ्या. खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या. दळण हे कामच, आणि त्या कामातच भावाला, लेकीला, आईला उद्देशून बोलणं. त्या बायकांना कुणी समोर बसवून "तुमच्या श्रमाबद्दल सांगा" म्हटलं असतं तर एक ओवी निघाली नसती.

टिळकवाडी_दुसरं_गेट

पुणेकर, न्यूयॉर्कचं स्टेशन राहू दे, आपल्या स्टेशनात रेकॉर्डिंग केलं तर "कृपया ध्यान दीजिए" एवढंच ऐकू येईल.

ताई, कामाचं सांगतो, लग्नाच्या शूटिंगचा धंदा आहे माझा. फॅन बंद. फ्रिज जवळ असेल तर तोही. फोन फ्लाइट मोडवर, नाहीतर ऐन रंगात गॅस एजन्सीचा फोन येतो. स्टीलच्या टेबलावर फोन ठेवू नका, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा आणि माणसापासून हातभर अंतरावर. व्हिडिओ नको. कॅमेरा दिसला की आपली माणसं सरळ बसतात आणि सरळ बसलेला माणूस काही बोलत नाही, हे मी हजारो आहेर-फोटोंवरून सांगतो. फाइल त्याच दिवशी दुसरीकडे कॉपी करा. फोन पडतात, पाण्यात जातात, नातवंडं गेमसाठी जागा करायला काय वाटेल ते डिलीट करतात.

खानापूर_कीमन

मी स्वतःच म्हातारा आहे, म्हणून दुसऱ्या बाजूनं सांगतो. टायपिंग हळू आहे, समजून घ्या.

मी रेल्वेत कीमन होतो. लोंढ्याकडं, मग कॅसलरॉकच्या घाटात. आम्हाला "आठवणी सांगा" म्हटलं की आम्ही गप्प का होतो? कारण आठवण म्हणजे एखाद्या दिवशी घडलेलं काहीतरी. आमचं काम घडू नये म्हणूनच होतं. रोज सकाळी आपल्या हद्दीत रुळावरून चालत जायचं, रूळ पकडून ठेवणारी चावी (लोखंडी पाचर) सैल झाली असली तर हातोड्यानं आत मारायची, दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटचे बोल्ट बघायचे, परत चालत यायचं. दिवसभरात काही झालं नाही म्हणजे काम चांगलं झालं. आता ते नातवाला काय म्हणून सांगू? "काही झालं नाही" ही काय गोष्ट आहे?

माझ्या नातवानं मला बोलतं केलं ते चुकून. त्याला दिवाळीचे फटाके पाहिजे होते. मी म्हटलं, आम्हाला सरकार फटाके देत होतं. त्याला खरं वाटेना. मग सांगावं लागलं. रूळ तुटला, दरड आली, तर गाडी थांबवायला रुळावर लावायचे फटाके असतात. इंजिनचं चाक वरून गेलं की बार होतो, ड्रायव्हर ब्रेक मारतो. आमच्या वेळी मीटरगेज होतं. अडथळ्यापासून 400 मीटरवर एक फटाका, 800 मीटरवर तीन, एकमेकांपासून दहा-दहा मीटर. हातात लाल झेंडा, रात्री लाल बत्ती, आणि पळत जायचं. दोन्ही बाजूंना. एकटा माणूस असला तर आधी कुठल्या बाजूला पळायचं? पोरानं लगेच हाच प्रश्न विचारला. बरोबर प्रश्न विचारला बघा. म्हटलं, ज्या बाजूनं गाडी आधी येणार त्या बाजूला. म्हणून गाड्यांचं टाइमटेबल डोक्यात पाहिजे.

मग घाट निघाला. कॅसलरॉक ते कुळें चढ 37 ला एक आहे. 37 फूट गेलं की एक फूट चढतो. रेल्वेला हा फार उभा चढ. पावसाळ्यात रात्रीची गस्त. वरून पाणी, खालून पाणी, कंदील पोटाशी धरून चालायचं. समोरून दुसऱ्या हद्दीचा गस्तवाला येणार, दोघांनी भेटून वह्या बदलायच्या, आणि परत फिरायचं. धुक्यात त्याचा कंदील दिसेपर्यंत मनात काय काय यायचं ते मी बायकोला कधी सांगितलं नाही. नातवाला सांगितलं. त्यानं विचारलं, "आजोबा, तो आलाच नाही तर?" म्हटलं, तर आपण त्याच्या हद्दीत जायचं, तो कुठं आहे बघायला. असं एकदा गेलो होतो. पायावर दगड पडून बसला होता. बिडी ओढत होता, भिजलेली, पेटतच नव्हती.

तर ताई, आठवण विचारू नका. काम विचारा. तुम्हाला खरंच अडलेलं काहीतरी विचारा. तुम्ही तर त्याच धंद्यात आहात.

अनगोळची_सून

काका, तुमचं शेवटचं वाक्य डोक्यात बसलं. बघते.

निपाणीकर, जोडीदार माजगावात आहेत, पण दोघांचं मुलांच्या लग्नावरून फाटलंय. ते राहू दे तूर्त.

अनगोळची_सून

झालं एकदाचं. लांबलचक लिहितेय, वाचणार नसाल तर सोडा.

आमच्याकडे एका फौंड्रीतून ब्रॅकेट येतात. त्यात रिजेक्शन वाढलंय. मशीनवर पहिला कट घेतला की आत भोक निघतं. मी शीटमध्ये 'ब्लो होल' म्हणून एकच रकाना भरते, सगळी भोकं त्यात. फौंड्रीवाले म्हणतात आमची चूक नाही. आमचे सुपरवायझर म्हणतात डेबिट नोट काढा. मी त्यातला एक तुकडा पिशवीत घालून घरी आणला आणि मामांच्या पेपरवर ठेवला.

"मामा, हे ब्लो होल कशानं येतं हो? मला पैसे कापायचेत, आणि कुणाचे कापायचे तेच कळेना."

हे नाटक नव्हतं. मला खरंच कळत नव्हतं.

मामांनी चष्मा वर केला. तुकडा हातात घेऊन आधी वजन बघितलं, नुसतं वर-खाली करून. मग उठून पायरीवर उन्हात गेले आणि आत्तींकडून केसातली पिन मागून घेतली. पिनेनं भोकाच्या आत खरवडलं, तळहातावर उलटं केलं. बारीक काळे कण पडले. ते बोटांत चोळून म्हणाले, "ब्लो होल कोण म्हणालं ह्याला? वाळू हाय ही. पेटी लावताना आतली वाळू ढासळलीय, नाहीतर ठोकलीच नाही नीट."

मग मला शिकवणी सुरू. वाफेचं किंवा हवेचं भोक असेल तर ते आतून गुळगुळीत आणि चकचकीत असतं. खडबडीत असेल, आत कण सापडत असतील, तर वाळू. आणि जाड जागी, कोपऱ्यात, आतून फाटल्यासारखं दिसत असेल तर ते वेगळंच. लोखंड थंड होताना आकसतं, त्याला वरून प्यायला रस मिळाला पाहिजे, तो देणारा रायझर लहान पडला. "तीन रोग हायत. तुम्ही एकच नाव घालून सोडलाय."

मी विचारलं, वाफ येते कुठून? इथून मामा रंगात आले म्हणा. वाळू काही नुसती वाळू नसते. त्यात बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि पाणी. पाण्यावर सगळं. मूठभर घेऊन आवळायची, मूठ उघडायची. बोटांचे ठसे स्वच्छ उठले पाहिजेत. मग तो गोळा मधोमध मोडायचा. कड चुरली नाही, सरळ तुटली, तर वाळू जमली. हाताला चिकटली तर पाणी जास्त. हे त्यांनी रिकाम्या मुठीनं करून दाखवलं, आणि मोडताना हात असा झटकन फिरवला की मला तो नसलेला गोळा दिसला. "पाणी जास्त झालं की तापलेला रस आत पडल्यावर वाफ होती. तिला वाट पायजे. तार मारून भोकं ठेवली तर तिथनं जाती. नाही ठेवली तर लोखंडातनं वाट काढती."

सकाळभर पेट्या (साच्याच्या चौकटी) वाळूनं भरायच्या, खालची पेटी, वरची पेटी, पॅटर्न (मालाचा नमुना) अलगद उचलून काढायचा. दुपारनंतर भट्टी फोडायची, म्हणजे रस बाहेर काढायचा. तोपर्यंत कुणी जेवायचं पण पोटभर नाही. मोठ्या लॅडलला (रस न्यायच्या भांड्याला) दोन बाजूंनी दांडे, दोघांनी मिळून न्यायची. आत लोखंडाचा रस, तेराशे-चौदाशे डिग्री. "दोघांची पावलं एक पडायला पायजेत. बोलायचं नाही. त्यानं श्वास घेतलेला मला कळत होता." हा त्यांचा माजगावचा जोडीदार. ज्यांच्याशी बोलणं बंद आहे ते.

मी पायावरच्या डागांकडे बघून विचारलं, हे तिथलंच का? दोन्ही नडग्यांवर पांढरे चट्टे आहेत मामांच्या. म्हणाले, रस जमिनीवर सांडला, जमीन ओली होती. ओल्या जमिनीवर रस पडला की तो पसरत नाही, उडतो. "जोडीदारानं दांडा सोडला नाही म्हणून वाचलो. सोडला असता तर सगळी माझ्या अंगावर."

"आणि घरी काय सांगितलंत?"

"सायकलची चेन लागली म्हणून सांगितलो."

आतून आत्ती म्हणाल्या, "चेननं भाजतंय होय?"

मामा गप्प.

"मला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही सांगंना म्हणून मी विचारलो नाही. तुमच्या जोडीदाराची बायको येऊन सांगून गेली, हळद आणि खोबरेल घेऊन आलती."

एवढी वर्षं दोघांनी एकमेकांपासून हे लपवलं, आणि दोघांनाही ठाऊक होतं. मामा तिच्याकडे बघून एवढंच म्हणाले, "मग चेनला तेल कशाला घालायला लावलीस त्या दिवशी?" आत्तींनी उत्तर दिलं नाही, त्यांचा कुकर झाला होता.

मुलांना आत का नेलं नाही तेही कळलं. मला वाटायचं काळ्या अंगाची लाज वाटत असेल. तसं काही नाही. तेव्हा चुणचुणीत पोरगं दिसलं की कोअर (माल आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा) बनवायला लगेच बसवायचे, संध्याकाळी हातात पैसे. शेजारच्याचा मुलगा डबा द्यायला आला आणि शाळेत परत गेलाच नाही. "पैशाची चव लागली की पोरगं वही धरत नाही. म्हणून गेटवरनंच डबा घेत होतो. तुझा नवरा रडायचा, आत बघायचंय म्हणून." नवरा हे ऐकायला घरी नव्हता. रात्री सांगितल्यावर बराच वेळ टीव्हीचा रिमोट हातात धरून बसला, चॅनेल न बदलता.

आणि आता माझी फजिती. मामांनी विचारलं, "ती डेबिट नोट म्हणजे काय असतं गं?" मी सांगितलं, माल खराब निघाला की आम्ही फौंड्रीच्या बिलातून तेवढे पैसे वजा करतो. मामा तुकडा खाली ठेवून माझ्याकडं बघायला लागले. "म्हणजे ते पैसे कापणारी तू होय!" त्यांच्या वेळी मोल्डरला पेटीवर दर असायचा. पेटीत आपला नंबर मारलेला. माल गिऱ्हाइकाकडं मशीनवर चढला की भोक दिसणार, मग कागद परत येणार, नंबर बघून त्या मोल्डरची पेटी पगारातून जाणार. "वाळू ओली कालवणारा दुसराच, पैसे माझे. आम्ही म्हणत होतो, तिकडं कोणतरी एक कारकून बसलाय शाई घेऊन." तो कारकून आता त्यांच्या घरी सून म्हणून आलाय.

रेकॉर्डिंग मी केलंच नव्हतं. पण मुलगी मागच्या दाराशी बसून माझ्याच फोनवर करत होती. सुरुवात नाही, चेनपासून पुढचं आहे. मध्ये तीन शिट्ट्या आणि भाजीवाल्याचं "रताळीय्ये". टिळकवाडी, माफ करा.

शीटमध्ये मी आता तीन रकाने केलेत. सुपरवायझरनी विचारलं, हे वर्गीकरण कुठून आणलं? म्हटलं, घरी कन्सल्टंट आहे.

पुण्यातला_बेळगावकर

ताई, मुलीनं केलेली फाइल जपून ठेवा. शिट्ट्या काढू नका.

टिळकवाडी_दुसरं_गेट

शिट्ट्या काढता येतील, पण काढू नका हे मलाही पटतं. रताळीवाला तर अजिबात काढू नका. फाइल दुसरीकडे कॉपी केली का? केली का?

निपाणी_जुनी_पेठ

हळद-खोबरेल घेऊन आलेली बाई त्याच माजगावच्या जोडीदाराची बायको ना? मग लग्नावरून फाटलं म्हणून काय झालं. आत्तींना पाठवा तिकडं, पुरुषांची वाट बघू नका.

खानापूर_कीमन

दांडा सोडला नाही. हे लिहून ठेवा, मुलीला लिहायला सांगा. शाळेत नेऊ दे.

एक शंका. रिजेक्ट माल गेटबाहेर कसा काढलात? आमच्याकडं एक चावी खिशात राहिली तरी चौकशी लागायची.

अनगोळची_सून

काका, रीतसर गेटपास केला, 'तपासणीसाठी, परत करणे' लिहून सुपरवायझरची सही घेतली. परत न्यायची तारीख उलटून गेली आहे. मामा देत नाहीत. म्हणतात, अजून एक भोक बघायचं राहिलंय त्यात, आणि कट्ट्यावर घेऊन जातात रोज. मला आता स्टोअरकीपरला काय सांगायचं ते कुणी सुचवा.